चिक्कोडीकर अण्णांचं स्टिअरिंग

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चिक्कोडीकर अण्णांनी नमस्कार केला नाही. दारातच थांबले, कडी धरली आणि गदागदा हलवली. मग आत येऊन खुर्ची हलवली, टीपॉय हलवला, स्वयंपाकघरात डोकावून गॅसच्या शेगडीचं बटण डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. मी आपली पाण्याचा ट्रे धरून उभी. शेवटी अण्णा खुर्चीत बसले आणि घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "अक्का, तुमच्या घरात प्ले फार आहे हो."

मला आधी कळलंच नाही. मग अण्णांनी समजावून सांगितलं. तुम्ही हँडल फिरवता आणि चाक लगेच फिरत नाही. आधी थोडं हँडल नुसतंच फिरतं, मग चाकाला जाग येते. ती जी मधली ढिलाई, तिचं नाव प्ले. जगातली सगळी दुःखं, अपघात, घटस्फोट आणि सरकारी कारभार हे सगळं या प्लेमुळे होतं, असं अण्णांचं ठाम मत आहे. पाणी पिऊन जाताना त्यांनी आमच्या शेगडीचं बटण काढून खिशात घातलं आणि संध्याकाळी घट्ट करून आणून दिलं. तोवर आम्हाला चहा नाही. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अण्णा मूळचे चिक्कोडीकडचे. तरुणपणी बेंगळुरूला आले आणि एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. कारखान्यात काय बनायचं असं विचारलं की आवाज खाली आणून म्हणतात, "ते सांगता येत नाही." पण जे काय बनायचं ते अण्णांच्या हाताखालून जायचं, आणि त्यात प्ले सापडला की ते परत जायचं. ही सवय पेन्शनबरोबर घरी आली. शेकहँड केला तर तुमचा हात हलवून मनगट तपासतात. एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी पाकीट दिलं आणि नवरा-नवरीचा सोफा धरून हलवला. नवऱ्यामुलाला वाटलं ही कर्नाटकातली आशीर्वादाची पद्धत असेल. त्याने वाकून नमस्कार केला.

बोलणं अस्सल सीमाभागातलं. "असं कसं चालतंय हो?" हे पालुपद. काम मनासारखं झालं की हात झटकून "आयतु!" म्हणजे झालं. त्यांच्या तोंडून आयतु ऐकायला मिळणं म्हणजे आमच्याकडे मोठा योग.

आम्ही राहतो बेंगळुरूत, बेळ्ळंदूरकडे. तीन उंच इमारती आणि मधे भलंमोठं लॉन. या लॉनसाठी सोसायटीने एक बसून चालवायचं गवत कापायचं मशीन घेतलं होतं. शहराबाहेरचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं, त्यांच्याकडचं जुनं. घ्यावं म्हणून अण्णाच हात धुऊन मागे लागले होते. पोरं त्याला ट्रॅक्टर म्हणतात. छोटं स्टिअरिंग, एक सीट, पोटाखाली फिरणारं पातं. माळी त्याच्या वाटेला जात नाही. चालवतात अण्णा, दर शनिवारी संध्याकाळी, बिनपगारी. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट. पडणार काय आहे डोक्यावर, असं मी एकदा विचारलं. "तसं कुठे म्हणतो मी? पण नियम आहे की," म्हणाले.

तर हे मशीन एका शनिवारी आमच्या योगवर्गावर चालून आलं.

आम्ही बायका शवासनात. डोळे मिटलेले. योगाच्या बाई हळू आवाजात सांगतायत, शरीर सैल सोडा, मन सैल सोडा. मला धडधड ऐकू आली, पण मन सैल सोडलेलं असल्यामुळे मी दुर्लक्ष केलं. मग कोणीतरी किंचाळलं. डोळे उघडते तर काय, अण्णा सीटवर अर्धे उभे, स्टिअरिंग गरागरा फिरवतायत आणि मशीन मात्र सरळ आमच्याकडे! शवासनातून इतक्या वेगाने उठून पळालेल्या बायका योगशास्त्राच्या इतिहासात नसतील. बाईंच्या चटईशी येऊन मशीन बंद पडलं. अण्णा खाली उतरले, कोणाला लागलं नाही ना ते पाहिलं आणि मग स्टिअरिंगला हात लावून म्हणाले, "म्हटलं नव्हतं? दाते गेलेत."

सोसायटीचा सेक्रेटरी रोहन म्हणजे पुण्याचा, आयटीतला, पोरगा तसा सज्जन. पण त्या दिवशी त्याचा पारा चढला. "अण्णा, धिस इज अ लायबिलिटी, सीरियसली. पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी हे मशीन भंगारात द्यायचं प्रपोजल ठेवतोय. लॉनचं काम कॉन्ट्रॅक्टवर देऊ."

"आणि त्याआधी दुरुस्त केलं तर?"

"पार्ट्स मिळतात का याचे? कंपनीने बनवणं बंद केलंय."

"मी विचारतोय काय, तू सांगतोयस काय! केलं तर?"

रोहनने हात टेकले. "ओके. शनिवारपर्यंत. मी स्वतः चालवून बघणार. वळलं पाहिजे."

अण्णांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. एरवी वाद घालून घालून समोरच्याला घाम फोडणारा माणूस, पण त्या वेळी नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि मशीन ढकलत पार्किंगकडे निघाले. एका जुन्या मशीनसाठी माणसाने इतकं पडेल व्हावं? मला नवल वाटलं आणि थोडी दयाही आली. त्या दयेच्या भरात मी म्हटलं, "काही मदत लागली तर सांगा." तोंडाने माझा घात आजवर अनेकदा केलाय, त्यातलाच हा एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल. "अक्का, बॅटरी धरायला या की."

पार्किंगमध्ये मशीनचं तोंड विटांवर उचलून ठेवलेलं. अण्णांनी खाली चटई टाकून स्वतःला आत सरकवलं आणि तिथून मला वर्ग सुरू केला. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते पिनियन. त्याच्यासमोर हातपंख्याच्या आकाराची एक जाड पट्टी, तिच्याही कडेला दाते. पिनियन फिरलं की पंखा सरकतो, पंखा सरकला की त्याला जोडलेला दांडा पुढची चाकं वळवतो. "आता पंख्याचे मधले दाते बघा." मी बॅटरी मारली. कडेचे दाते चांगले टोकदार, आणि मधले पार झिजून बोळके झालेले. मशीन बहुतेक वेळ सरळच चालतं, त्यामुळे सगळा मार मधल्यांना. नाही म्हणायला मला स्वतःचंच जरा वाईट वाटलं, पण ते जाऊ दे.

पिना ठोकून, नट सोडवून, गंजावर तेल सोडून अण्णांनी दोन्ही भाग बाहेर काढले, रुमालात गुंडाळले आणि म्हणाले, "चला पीण्याला."

"टॅक्सीने जा ना."

"टॅक्सीत बसवत नाही हो मला."

हे खरं होतं. अण्णा टॅक्सीत बसण्याआधी ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवून बघतात. मग एक तर ते नको म्हणतात, नाही तर ड्रायव्हर. शेवटी माझीच गाडी निघाली. पीण्या म्हणजे कारखान्यांची वसाहत; बेळ्ळंदूरहून तिथे जायचं म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला, आणि मधे रिंगरोड. सिग्नलला गाडी थांबली की अण्णा गिअरचा दांडा हलवायचे. मी एकदा हातावर चापट मारली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि शेजारच्या रिक्षाकडे बघून हळहळत बसले.

पीण्यात शिवण्णांचं गिअर कापायचं वर्कशॉप. शिवण्णा म्हणजे अण्णांचे कारखान्यातले जोडीदार, तपासणी खात्यातच समोरच्या टेबलावर बसायचे. मला वाटलं, चला, इथे तरी कोणी शहाणं भेटेल. कसलं काय! शिवण्णांनी शेकहँडसाठी हात पुढे केला, अण्णांनीही केला, आणि दोघांनी एकमेकांचे हात हलवून मनगटं तपासली.

पुढचा संवाद अर्धा कानडीत, अर्धा मराठीत, आणि सगळा वेडेपणाचा. गिअरच्या दोन दात्यांत बारीकशी फट सोडायची असते, हे या दोघांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं. पण आता वर कोणी साहेब नाही, ड्रॉइंग नाही, मशीन आपलं.

"किती सोडू?" शिवण्णांनी विचारलं.

"तुम्ही किती सोडाल?"

"मी सोडणारच नाही."

"मग मी कशाला सोडू? घट्ट कापा की!"

"अजून घट्ट?"

"होऊन जाऊ दे."

दोन म्हातारे लाडवासाठी हट्टाला पेटलेल्या पोरांसारखे त्या गिअर कापायच्या मशीनपाशी उभे होते. पैसे विचारले तर शिवण्णा रागावले आणि उलट आम्हालाच मसाला डोसा खायला घातला. शुक्रवारी नवे भाग तयार झाले, ते आणायला पुन्हा माझीच गाडी. काय देखणे होते ते! मला त्यातलं काही कळत नाही, पण हातात घेऊन फिरवत बसावंसं वाटलं. येताना गाडीत अण्णांनी ते मांडीवरून खाली ठेवले नाहीत.

दुपारी मशीन जोडलं. दांडा ज्यात फिरतो ते नवे बुश, नवं पिनियन, नवा पंखा, वर बोटभर ग्रीस. मधला दाता मधल्या खाचेत. अण्णांनी शेवटचा नट आवळला, हेल्मेट घातलं, सीटवर बसले आणि स्टिअरिंग फिरवलं.

फिरेना.

त्यांनी जोर लावला. मग दोन्ही हातांनी. मग पाय दाबून. मशीनचं सगळं तोंड कुरकुरलं, पण स्टिअरिंग जागचं हलेल तर शपथ. आयुष्यभर ज्याच्या मागे लागले तो प्ले अण्णांनी अखेर शून्यावर आणला होता, आणि आता स्टिअरिंग भिंतीत चिणल्यासारखं उभं होतं. मला इतकं हसू आलं की मी बॅटरीसकट खांबामागे गेले. नेमका तेव्हाच रोहन लॅपटॉपची बॅग घेऊन गाडीतून उतरला. "उद्या बघू, अण्णा," म्हणाला आणि लिफ्टकडे गेला.

अण्णांनी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि जिन्याने वर गेले. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

मी उषावहिनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, सांगायला त्यांच्या घरी गेले. अण्णा आत खोलीत दार लावून. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, समोर लाडू ठेवला आणि ऐकून घेतलं.

"घट्ट बसवलं की फिरत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगत्येय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "पण उद्याचा शनिवार चुकायला नको होता ग."

"रोहन देईल अजून दोन दिवस. मी बोलते त्याच्याशी."

"रोहनचं नाही. मंदारचं."

मंदार म्हणजे त्यांचा मुलगा, अमेरिकेत ओहायोला असतो, एवढं मला माहीत होतं.

"यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "पोराने सायकल शिकून दाखवली तर हे आधी हँडल हलवणार. शाळेत पहिला आला तर विचारणार, उरलेले मार्क कुठे गेले? तो बारावी होऊन बाहेर पडला तो पडलाच. भांडण झालं असतं तर बरं ग, मिटवता तरी आलं असतं. फोनवर आपलं, बरा आहेस? बरा आहे. गाडी बरी आहे? बरी आहे. हं, आईशी बोल. संपलं. कित्येक वर्षं असंच.

"मागे एका उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो. तिकडे घरापुढे हे एवढं गवत. शनिवारी सकाळी तो असल्याच मशीनवर बसून कापायचा. एकदा यांना म्हणाला, बाबा, बसता का? हे बसले. आणि अशी वाकडीतिकडी रांग कापली म्हणून सांगू! मंदार शेजारून पळतोय, डावीकडे, बाबा, डावीकडे! दोघंही हसतायत. मी खिडकीतून बघत होते. भांडी तशीच राहिली माझी.

"परत आल्यावर यांनी सोसायटीच्या मागे लागून हे मशीन आणवलं. तेव्हापासून शनिवारी आपली संध्याकाळ, त्याची सकाळ. हा तिकडे गवत कापतो, हे इकडे. फोन लावून ठेवायचा समोर."

स्टिअरिंगपाशी अडकवलेला तो फोन मी कितीदा पाहिला होता. मला वाटायचं, नाट्यगीतं ऐकत असतील.

"आणि बोलतात काय?"

"ऐकू कुठे येतंय! दोन्हीकडे इंजिनं धडधडतायत. नुसतं मधून मधून एकमेकांकडे बघतात. पण तासभर ग! पूर्वी मिनिटभर टिकत नव्हते." वहिनींनी पदराने ओटा पुसला, जो आधीच स्वच्छ होता. "मशीन गेलं की परत 'आईशी बोल'वर येतील दोघं. मला नको ते. मी बोलत्येच की त्याच्याशी."

मी लाडू तसाच घेऊन उठले आणि आतलं दार वाजवलं. "अण्णा, बाहेर या. असं कसं चालतंय हो?"

दार उघडलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, लाडवाकडे बघितलं. "मला माहीत नव्हतं काय अक्का, फट सोडावी लागते ते?" म्हणाले. "सगळी नोकरी तेच तपासलं. पण स्वतःचं करायला गेलं की लोभ सुटतो बघा."

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा पार्किंगमध्ये. अण्णांनी पंखा काढला आणि बारीक कानशीने एकेक दाता घासायला घेतला. घासायचे, लावून बघायचे, पुन्हा काढायचे. दुपारी वहिनी उपमा घेऊन खाली आल्या आणि तिथेच बसल्या. शेवटी अण्णांनी दिनदर्शिकेच्या जुन्या पानाची एक पट्टी फाडली, दोन्हींच्या दात्यांमध्ये घातली, पंखा तिच्यावर टेकवून नट आवळला आणि मग स्टिअरिंग हळूच फिरवलं. पट्टी दात्यांच्या खुणा घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली. तिच्या जाडीएवढी फट मागे राहिली. अण्णांनी एका बोटाने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाकं डावीकडे. उजवीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे.

"आयतु?" मी विचारलं.

"स्वल्प प्ले आहे," अण्णा खिन्नपणे म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते लगेच म्हणाले, "आयतु, आयतु."

संध्याकाळी रोहन आला. लॉनवर मुलांच्या चपला मांडून त्याने वळणावळणाचा रस्ता केला आणि स्वतः मशीनवर बसला. पहिल्या फेरीत एकाही चपलेला धक्का नाही. मग त्याने उगाचच दुसरी फेरी मारली. मग तिसरी. उतरायचं नावच घेईना. शेवटी वहिनींनी घड्याळाकडे बघून हाक मारली, "रोहन, बाळा, उतर आता. यांची वेळ झाली."

"ठेवूया हे," रोहन खाली उतरून म्हणाला, कान लाल. "मीटिंगमध्ये मी बोलतो. स्टिअरिंग इज ऑसम, अण्णा." माझा जीव भांड्यात पडला.

अण्णांनी हेल्मेट घातलं, फोन अडकवला आणि निघाले. जानेवारीतली संध्याकाळ, हवेत चांगलाच गारठा. दोन फेऱ्या झाल्यावर वहिनींनी माझ्या हातात मफलर दिला. "माझे गुडघे दुखतायत. जरा नेऊन दे ना."

मी मशीनला आडवी गेले. अण्णांनी मशीन थांबवलं आणि इंजिन बंद केलं. मी मफलर गुंडाळत होते तेवढ्यात फोन दिसला. पडद्यावर एक गॅरेज. त्यात लाल रंगाचं तसलंच मशीन आणि त्यावर कानटोपी, जाड कोट घातलेला मंदार. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागच्या खिडकीबाहेर सगळं पांढरंशुभ्र, कुंपणाच्या निम्म्यापर्यंत बर्फ. त्याचं मशीन बंद होतं. ते कुठे जाणंच शक्य नव्हतं.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "तिकडे गवत कुठाय?"

"दिवाळीतच संपलं की."

"मग हा काय करतोय?"

"बसलाय," अण्णा म्हणाले.

मी खाली बघितलं. अण्णांनी कापायचं पातं वर उचलून ठेवलं होतं. थंडीत आमचंही गवत वाढत नाही.

इंजिन बंद असल्यामुळे मंदारचा आवाज स्पष्ट आला. घसा साफ करून तो म्हणाला, "बाबा, स्टिअरिंग कसं झालंय?"

अण्णा समोर बघत होते. "चांगलं झालंय," म्हणाले. आणि मग, "तुझं?"

मंदारने गॅरेजात उभ्या असलेल्या मशीनचं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं.

"माझंही चांगलं आहे, बाबा."

अण्णांनी मान हलवली, इंजिन सुरू केलं, आणि दोघंही पुढच्या फेरीला निघाले.